पाडाच्या आंब्याइतकी हवा

मुक्काम आपलेच गाव, तालुका उदगीर, जिल्हा (तूर्तास) लातूर

ती. सिद्धरामअण्णांच्या सेवेशी, धाकटा साडू गुरुबसप्पा याचे शरणु शरणार्थी.

आपली प्रकृती, शिवगंगाअक्कांचे गुडघे आणि चि. वीरेशची नोकरी ही तिन्ही जागच्या जागी असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. हे मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो, कारण परवाच्या फोनवर मला साप चावल्याची बातमी तुम्हीच मला दिलीत, आणि मी नाही म्हणायच्या आत, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, अव्वांना पुण्याला नेतो, तिकडं ना पाणी ना दवाखाना, असं म्हणून फोन ठेवूनही दिलात. (अव्वा आपल्या दोघांच्या सासूबाई, पण माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून गिऱ्हाईकाला भाव सांगायला लागून त्यांना बारा वर्षं झाली, म्हणून त्या थोड्या जास्त माझ्या, असं मी धरून चालतो.) फोनवर तुमच्यापुढे माझा निभाव आजवर लागलेला नाही. म्हणून हे पत्र रातच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती देत आहे. पत्र वाचताना मधे बोलता येत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

तर अण्णा, साप मला चावला नाही. सायकलीला चावला.

सायकल तुमचीच. गेल्या दिवाळीत वीरेशने नवी घेतली आणि जुनी ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून इकडे पाठवली, ती डोंगरावर चालवायची सायकल. आपल्याकडे डोंगर नाही हे त्याला ठाऊक असणारच, पण माळ आहे, आणि आपल्या माळावर जेवढे दगड आहेत तेवढ्यांचा कोणीही हौसेने डोंगर करू शकेल. या सायकलीला एकवीस गिअर आहेत आणि मडगार्ड, स्टँड, घंटी, कॅरियर यातलं काही नाही. टायर मात्र म्हशीच्या मानेसारखे. चार महिने ती दुकानात तुरीच्या पोत्यांना टेकून उभी होती आणि येणारा प्रत्येक जण तिचा गिअर एकदा पाडून जायचा. मग फाल्गुनात बोअर आटला. टँकर यायला लागला, तोही चार दिवसांनी. लातूरला तर रेल्वेनं पाणी आलं, हे तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. टँकरच्या पाण्यावर आम्ही आंघोळी भागवतो, अव्वाही भागवतात. पण लिंगपूजेला त्यांना ते चालत नाही. त्यातल्या औषधानं लिंगाला दवाखान्याचा वास येतो म्हणतात. पूजा झाल्याशिवाय त्या घोटभर पाणीही घेत नाहीत हे तुम्हाला मी काय सांगावं. आपल्या वरच्या रानातल्या विहिरीत अजून वीतभर गोडं पाणी आहे. तेव्हा रोज सकाळी तिथून एक घागर आणायची, असं ठरलं. घागर तांब्याची. (प्लास्टिकच्या कॅनला झाकण असतं, हे मलाही कळतं. तुम्ही मला सुचवू नका, अव्वांना सुचवून पाहा.)

फाट्यावरच्या ज्ञानोबानं सायकलीला तारा आवळून कॅरियर बसवलं आणि मला न विचारता दोन्ही चाकांत हवा भरली. त्याचा पंक्चरचा धंदा बसला आहे. ट्यूब बुडवायला टबात पाणी नाही, म्हणून तो ट्यूब ओठांजवळून फिरवतो आणि मिशी जिथं हलेल तिथं भोक आहे असं समजतो. रिकामा वेळ तो नवा जिल्हा कृती समितीच्या सचिवपदात घालवतो. त्यामुळे त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: जिल्हा झाल्यावर बघू. नळ, रस्ता, त्याच्या थोरल्याचं लग्न, सगळं जिल्ह्यापाशी अडलं आहे. तर त्यानं हवा अशी भरली की टायरवर हातोडी मारली असती तर हातोडी परत आली असती. अशा चाकावर दगडी वाटेनं भरली घागर आणायची म्हणजे प्रत्येक दगड एक ओंजळ मागून घेतो. मी घरी पोचलो तेव्हा निम्मं पाणी माझ्या धोतरात होतं. अव्वांनी घागरीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "जावईबापू, घागर भरून आणली का निस्ती धुवून?"

अपमान मला झोंबला. मी वीरेशला फोन लावला, तर तो म्हणाला, काका, हवा कमी करा. अण्णा, साठी उलटलेल्या किराणा दुकानदाराला हवा कमी करा असं तोंडावर सांगायची हिंमत आजवर फक्त तुमच्या मेहुणीनं, शांतम्मानं, केली होती. आपल्याकडे चाकातली हवा कमी करतात ती शाळेतली पोरं, मास्तरांच्या सायकलीची, आणि नंतर मार खातात. पण पोरगं समजावून सांगायला लागलं. रुंद टायर मऊ असला की दगडावरून उडत नाही, दगडाला कवटाळतो. किती मऊ, असं विचारल्यावर त्यानं इंग्रजीत आकडा सांगितला. मला आकडा नको होता, अंगठ्याला कळेल असं काहीतरी हवं होतं. शेवटी माझं मीच ठरवलं: पाडाच्या आंब्याइतकं. अंगठा टेकला की किंचित दबावं, रुतू नये. (यंदा आंबा पाहायला मिळाला नाही, पण अंगठ्याला आठवण असते.)

पहिल्या दिवशी माझा अंदाज जरा चुकला आणि आंबा पाडाचा न होता रसाचा झाला. मारुतीच्या उतारावर एक दगड आला, चाक त्याला कवटाळायला गेलं आणि आतली लोखंडी कड थेट दगडावर बसली. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं. मी तिथे खाली उतरलो. (कसा उतरलो हे महत्त्वाचं नाही.) घरी येऊन वीरेशला भोकांचं वर्णन केलं, तर तो म्हणाला, काका, हा स्नेकबाइट. असल्या पंक्चरला तिकडे तसंच म्हणतात म्हणे. पण फोन स्पीकरवर होता आणि दुकानात साखराबाई तेल घ्यायला उभी होती. तिची मुलगी इंग्रजी शाळेत जाते, त्यामुळे तिला नेमकं तेवढंच कळलं. दुपारपर्यंत कडुलिंबाच्या डहाळ्या घेऊन अर्धा गाव ओट्यावर. मी वजन करत राहिलो, पैसे घेत राहिलो, तरी कोणी माझ्या जिवंतपणावर विश्वास ठेवीना. एक जण म्हणाला, "विष हळूहळू चढतं, लई बोलू नका." मी ज्ञानोबाकडून ट्यूब आणून दाखवली, तर तोच माणूस म्हणाला, "साप हायच, पण दात नवे दिसायलेत." तीच बातमी फिरत फिरत परवा तुमच्यापर्यंत आली.

पण त्या दिवसापासून, अण्णा, एक पंक्चर नाही. जुन्या स्कूटरची ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तरासारखी घातली आहे, हवा बरोबर पाडाच्या आंब्याइतकी. या वाटेवर सराट्याचे काटे असे पसरलेत की शेळी विचार करून पाय टाकते. तिथून माझी सायकल रोज जाते आणि रोज येते. कोणता सराटा कुठं आहे, कोणत्या दगडाला डावीकडून वळसा घालायचा, हे मला पाठ आहे. घागरीतलं पाणी हलत नाही. काठोकाठ भरतो, काठोकाठ पोचवतो. अव्वा आता डोकावून पाहतात आणि काही बोलत नाहीत. त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी बारा वर्षांत कोणाला मिळालेली नाही.

याची कीर्ती समितीपर्यंत गेली. नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी तहसीलवर सायकल मोर्चा निघणार होता. मला मार्गदर्शक नेमलं. मी सगळ्यांना हवा कमी करायला लावली, ज्ञानोबानं स्वतः प्रत्येक चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. पण त्या बिचाऱ्यांच्या काटकुळ्या काळ्या सायकली. फाटा ओलांडायच्या आत सगळ्यांना साप चावला. ज्ञानोबाची मिशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हलत होती. निवेदन टेम्पोतून गेलं. माझी एकट्याची सायकल शाबूत राहिली, कारण मानाचा म्हणून मी ती हातात धरून मोर्च्याच्या पुढे चालत होतो. लोक चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शास्त्र समजायला वेळ लागतो.

सांगायचं एवढंच, की इकडे पाण्याची, हवेची आणि सापाची काळजी नसावी. अक्कांना शरणु, वीरेशला आशीर्वाद.

आपला,
गुरुबसप्पा

ता. क. चामड्याची चप्पल, नऊ नंबर, एक जोड पाठवावी. माझी तळातून गेली आहे. हल्ली चामडं पूर्वीसारखं येत नाही.

ता. क. दुसरा. अण्णा, रविवारी गाडी आणू नका. यायचंच तर जेवायला या आणि रिकामे परत जा. अव्वांना मी पाणी पुरवतो, पाऊस पडेपर्यंत पुरवीन. त्या ओट्यावर नसल्या तर मला दुकान उघडावंसं वाटणार नाही. हे त्यांना सांगू नका, भाव वाढवतील.

ता. क. तिसरा. दाजी, शांतम्माचा शरणु. हे पाणी आणायला गेलेत आणि पाकीट चिकटवायचं राहिलंय, म्हणून लिहिते. हे सायकलीवर बसत न्हाईत. मारुतीच्या उतारावर पडले, घागरीला पोचा आला, तवापासून घागर कॅरियरला बांधून, एक हात हँडलला आन् एक घागरीला धरून चालत जातात, चालत येतात. मग पंक्चर कुठून होणार? मी म्हटलं, सायकल कशाला वागवता, तर म्हणाले, नुसती घागर घेऊन निघालो तर जावयाला पाण्याला लावलं म्हणून अव्वा पाणीच सोडतील. सायकल हातात असली की त्यांना वाटतं, जावई हवा खायला चाललाय. अव्वाला समदं ठावं हाय. आमचे आप्पा जन्मभर सायकलीवर टपाल वाटत होते. माणूस बसून पायडल मारत असला की सायकल गप असते, ढकलत आणली की टिकटिक करते, हे तिला झोपेत कळतं. म्हणून ती तांब्याभर पाण्यात पूजा उरकते आन् यांना म्हणते, आज पाणी उरलंय, उद्या जाऊ नका. हे ऐकत न्हाईत. सायकलीची सवय मोडंल म्हणतात. तिला नेऊ नका दाजी, दोघंबी हिकडंच बरी हायेत. आन् चप्पल नऊ नको, दहा नंबरची पाठवा. पाय सुजलेत.