घरापेक्षा मोठा राजा

पतियाळा, ७ फेब्रुवारी १९९४

ती. जगतार वीरजींस, धाकट्या रूपिंदरचा सा. न.

तुमच्या हातचे मोहरे पोचले. घोडे तर असे, की आता खिंकाळतील. पण काल माझ्या सासऱ्यांनी, बाऊजींनी, ते आपल्या जुन्या पटावर मांडले आणि सगळा विचका झाला. राजाच्या बुडाने घर काठोकाठ भरलं. वजिराला हात लावला की शेजारचा उंट आडवा. रविवारी खेळायला येणारे मास्तरजी म्हणाले, की ही फौज आहे की अमृतसरची बस. बाऊजींनी मला विचारलं, की तुझा भाऊ इतकी वर्षं लाकूड कोरतो, त्याला पटाचा नि मोहऱ्यांचा मेळ कळत नाही का. मी मान खाली घालून कप उचलले. वीरजी, असं कसं केलंत?

भाभींना पैरीपौना, पाया पडते. माया या रागाने आटू देऊ नका.

तुमची रूपी

अमृतसर, ११ फेब्रुवारी

चि. सौ. रूपीस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू घर सव्वादोन इंचांचं कळवलं होतंस. राजाचं बूड घराच्या पाऊणपट असावं, तसंच धरलं. नक्षीची कड सोडून मोजलं होतंस ना? एकदा पाहा. काही असो, माझ्या कामामुळे तुला सासरी खाली बघावं लागलं. वीस तारखेला, रविवारी, येतो आणि बाऊजींची माफी मागतो. भाभी पिन्नीचे लाडू वळतेय, ते तरी मापात उतरोत.

लोभ असू दे.

जगतार

पतियाळा, २८ फेब्रुवारी

ती. वीरजींस, सा. न. लिहायलाही हात धजत नाही.

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी पट मोजला. मी कडेसकट अठरा इंच मोजून आठाने भागलं होतं. घर पावणेदोनच आहे. आज कळवू, उद्या सांगू, असं म्हणत राहिले आणि तुम्ही दारात उभे. मास्तरजींसमोर बाऊजींना हात जोडून म्हणालात, की माझाच हात चुकला, बहिणीला बोल लावू नका. मी स्वयंपाकघरात उतू गेलेला चहा ढवळत राहिले. जाताना तुम्ही डोक्यावर हात ठेवलात, तेव्हाही गप्पच.

काल ते डाव मांडायच्या आत मी बाहेरच्या खोलीत गेले आणि मास्तरजींच्या देखत सगळं सांगितलं. बाऊजी म्हणाले, की पोरीचं चुकलं ते चुकलं, पण माणूस एवढ्या लांबून येऊन हात जोडतो आणि मी हातात पट्टी न घेता मान डोलवत बसतो, याला काय म्हणायचं. जेवले नाहीत. आज सकाळी मला विचारलं, की अमृतसरची पहिली बस कितीला.

बाऊजी आणि मी शुक्रवारी येतोय. ते हात जोडायला लागले की तुम्ही धावत जाऊन ते धराल, मला ठाऊक आहे. धरू नका, वीरजी. त्यांना जोडू द्या. मलाही.

माया मागायला तोंड नाही, तरी मागते.

रूपी