लाल दोऱ्याची डिस्क

२० नोव्हेंबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

फोनवर काहीही सांगितलं की तू तीनदा ‘हो’ म्हणतोस आणि चौथ्या मिनिटाला विसरतोस, म्हणून हे पत्र. माझा फोन बंद करून कपाटात ठेवला आहे. तुझ्या सबबी ऐकायला मला वेळ नाही.

मुलांच्या वॉर्डातलं नाताळचं झाड एकतीस वर्षं मी सजवते आहे. नोकरीत होते तोवर नर्स म्हणून, आता लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या म्हणून. विकतचं काही झाडावर चढत नाही, हा नियम तुला माहीत आहे. औषधांच्या खोक्यांची घरं आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्मची हिमफुलं. मागच्या वर्षी पाय मोडलेल्या एका पोराने हे माझंच हाड म्हणून एक हिमफूल पळवलं आणि घरी जाईपर्यंत उशाशी ठेवलं.

यंदा नवी मेट्रन आली आहे. तिचं म्हणणं, बाजारात दिव्यांसकट झाड तयार मिळतं, जानेवारीत घडी करून ठेवता येतं, मग हा पसारा कशाला. मी पुष्कळ हुज्जत घातली. शेवटी असं ठरलं की आठ डिसेंबरला मी पहिली चांदणी नेऊन दाखवायची. पसंत पडली तर झाड माझं, नाहीतर तिने विकत आणायचं. मला ही चांदणी अशी करायची आहे की तिची बोलतीच बंद व्हावी.

तेव्हा तुझ्या दुकानातल्या मेलेल्या हार्ड डिस्क पाठव. त्यांच्या पोटातल्या चकत्या आरशासारख्या असतात, तशा बाजारात मिळत नाहीत. शिवाय सीडी, की-बोर्डची बटणं, रंगीत वायरी. फक्त मेलेलं पाठव. गेल्या वर्षीचा माउस चांगला चालत होता, मी त्याची शेपटी कापल्यावर तू बोंब मारलीस. बाबा गोदामात भंगाराच्या वस्तूला लाल दोरा बांधायचे, तसा बांध, म्हणजे वाद नको.

तुझी,
ताई

---

२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हरवलं नाही, हे आधी नोंदवून घे. पार्सल आज टाकलं. सहा डिस्क, चाळीसेक सीडी, दोन की-बोर्ड आणि वायरींचा गुंता. तो सोडवत बसायला मी रिकामा नाही. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, वर ही मला रोज विचारते की हे सगळं कधी आवरणार.

दोऱ्याचं म्हणशील, तर एका डिस्कला तो आधीच बांधलेला सापडला. मीच कधीतरी बांधला असणार. बाकीच्यांना बांधायला वेळ झाला नाही, पण सगळ्या मेलेल्याच आहेत.

आता कृपा करून हे दोनदा वाच. सीडी गरम पाण्यात घालून मग काप, नाहीतर तडकते. लॅपटॉपच्या लहान डिस्कमधली चकती काचेची असू शकते, ती वाकवायला जाऊ नकोस. डिस्कचे स्क्रू चांदणीच्या तोंडाचे असतात, त्यांचा स्क्रू ड्रायव्हर सोबत ठेवला आहे. सुरीच्या टोकाने उचकटत बसू नकोस.

आणि चष्म्याचा नंबर तपासून घे. तुझ्या पत्रातल्या ओळी उजवीकडे डोंगर चढतात. उभ्या जन्मात तुझं अक्षर असं नव्हतं.

तुझा,
खटपट्या (वय वर्षे अठ्ठावन्न, आता तरी नाव बदल)

---

३ डिसेंबर

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं. वायरींचा गुंता सोडवण्यात माझी अख्खी दुपार गेली, तुझे आभार मानण्याचा बेत त्यातच बारगळला. एका की-बोर्डमधून बिस्किटाचा चुरा निघाला. ग्राहकाचा की तुझा, ते विचारत नाही.

तुझ्या ‘सगळ्या मेलेल्याच’वर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून दोरा असलेली डिस्कच आधी उघडणार आहे. निदान तिचा तरी पुरावा आहे. मोठी आहे, चकत्याही दोन-तीन निघतील. आठ तारीख पाच दिवसांवर आली आणि मेट्रन येता-जाता विचारते, झाली का चांदणी. होते आहे म्हणून सांगितलं.

चष्मा ठीक आहे. टेबल डुगडुगतं, म्हणून अक्षर तसं येतं.

तुझी,
ताई

---

५ डिसेंबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हाती पडेल तेव्हा तुमच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असेल तर आधी तो खाली ठेवा.

लाल दोरा मी बांधला होता. माझ्या माहेरी ज्याला हात लावायचा नाही त्याला लाल दोरा. लोणच्याची बरणी असो की वडिलांची कात्री, दोरा दिसला की हात मागे. तुमच्याकडे त्याचा अर्थ भंगार, हे लग्नाला तीस वर्षं झाली तरी मला कुणी सांगितलं नाही. तुमचे भाऊ म्हणतात, त्यात सांगायचं काय, ते सगळ्यांनाच माहीत असतं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलत नाही.

ती डिस्क आमच्या कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांची आहे. त्यांची बायको मार्चमध्ये गेली. तिचे अकरा वर्षांचे फोटो त्या एकाच डिस्कवर आहेत, आणि ती बंद पडली. घरात तिचा दुसरा फोटो नाही. ओळखपत्रावरचा आहे, पण त्यात ती फोटो काढणाऱ्यावर चिडलेली आहे. यांना ते काम जमण्यासारखं नव्हतं, पण बंद डिस्कमधून फोटो परत मिळवून देणारा एक माणूस यांच्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, झाकण उघडलेलं नसेल तर बघतो, उघडलं असेल तर आणूच नका. धुळीचा एक कण आत गेला तरी कारभार आटोपला.

डिस्क काउंटरवर मी घेतली, मीच दोरा बांधला. यांनी न विचारता तुमच्या खोक्यात टाकली. चष्मेवाले रोज सकाळी दुकान उघडण्याआधी पायरीवर येऊन उभे राहतात. काही विचारत नाहीत, नुसते बघतात. त्यांना काय सांगायचं ते मला कळत नाही. तुमच्या फोनला तर मी आता हात जोडले.

उघडली असेल तरी खरं ते कळवा. तुमच्यावर राग नाही. तो सगळा एकाच माणसाला पुरवते आहे.

तुमची,
वहिनी

---

९ डिसेंबर

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

डिस्क उघडलेली नाही. आजच रजिस्टर पोस्टाने परत पाठवली आहे. वर सुती कापड, त्यावर पुठ्ठा. दोरा तसाच आहे. चष्मेवाल्यांना आधी हे सांग, मग पुढचं वाच.

मी समजूतदारपणा दाखवला असं समजू नकोस. तीन तारखेलाच उघडायला बसले होते. डिस्क टेबलावर, चष्मा नाकावर, दिवा जवळ. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत बसेना. माझा उजवा हात जुलैपासून थरथरतो. डाव्याने उजवा धरून पाहिला, तर दोन्ही हलायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. दोन दुपारींत एकही स्क्रू निघाला नाही. सारी नोकरी तान्ह्या पोरांच्या शिरेत सुई घातली गं मी, एका टोचण्यात. आणि एक स्क्रू निघेना. फार रडू आलं.

टेबल डुगडुगत नाही. खोटं लिहिलं मी.

तुझं पत्र सात तारखेला आलं. वाचून वाटलं, या हाताने काही न करूनच एक काम बरं केलं. काल मेट्रनकडे गेले आणि सांगितलं, तुमचं झाड आणा. तिने कारण विचारलं नाही. चहा दिला, त्याचाच जास्त राग आला.

खटपट्याला यातलं काही कळवू नकोस. तो उगाच धावत येईल आणि मला उपदेश करील.

तुझी,
वन्सं

---

१६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिने सगळं सांगितलं. न सांगणाऱ्यातली ती नाही, हे तुला लिहितानाच माहीत होतं, तेव्हा आता कांगावा करू नकोस.

डिस्क मिळाली. निम्म्याहून जास्त फोटो निघाले. काल चष्मेवाले दुकानातल्या स्टुलावर बसून दोन तास एकेक बघत होते. त्यांची बायको बहुतेक फोटोंत चिडलेलीच आहे. कुणी सांगितलं तुम्हाला फोटो काढायला, असा चेहरा. मला वाटलं, हे नाराज होणार. पण ते डोळे पुसून म्हणाले, “हीच ती. अगदी अशीच होती.” आणि हसायला लागले. तू ती उघडली असतीस तर मी कुठे तोंड लपवलं असतं, देव जाणे.

आता तुझ्याबद्दल. जुलैपासून हात थरथरतो आणि मी तुला चष्म्याचा नंबर तपासायला सांगतो, डोंगर चढतात म्हणून टिंगल करतो. तू ते मला करू दिलंस. का, ताई? या गोष्टीवरून मला तुझा जितका राग आला आहे तितका उभ्या आयुष्यात आला नव्हता. पत्र चार वेळा फाडून हे पाचवं लिहितो आहे.

काल मेट्रनबाईंना फोन केला. त्यांचं झाड आलं आहे. मुलं त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, कारण त्याला हात लावायचा नाही असा कागद त्यांनीच चिकटवला आहे. चांदण्या कोण करणार ते विचारत होत्या. त्यांना तुझ्या हाताचं आधीच माहीत आहे. पाच महिने तू वॉर्डात चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेस, ते नर्सेसना कळणार नाही का? कारण न विचारता चहा दिला तो त्यासाठी.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. ही पण येते आहे. पाच डिस्क तुझ्याकडे आहेत, सात मी आणतो, सगळ्यांची यादी हिने तपासली आहे. स्क्रू मी काढीन, कापायचं काम हिचं. तू खुर्चीवर बसून नावं ठेवायची, त्यासाठी हात लागत नाहीत. सोमवारी डॉक्टरची वेळ घेतली आहे, त्यावर मी काही ऐकून घेणार नाही.

लोभ असावा वगैरे लिहीत नाही, तो तू करतेसच. थोडा त्रासही देत जा मला, ताई. मी काही परका नाही.

तुझा,
खटपट्या