हिरव्या पोशाखाचे चित्र

नोटरी साहेब, हे लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. हिवाळ्यापूर्वी देतो म्हणालो होतो. आता मार्च लागला.

मी फिर्मँ लाकास, निवृत्त कटिंग मास्तर, राहणार बेलव्हील, पॅरिस, वय अडुसष्ट. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. शाळा फारशी झाली नाही, तरी तुम्ही सांगितल्याप्रमाणे सर्व स्वहस्ते लिहीत आहे. खाडाखोड चालते की नाही, ते विचारायचे राहिले.

बँकेत उरेल ते व घरातील सामान पुतण्या रेजिसला. कपाटाचे दार उचलून उघडावे, ओढू नये.

मोठी कात्री जुना सहकारी अर्मां याला. तो बाहीचा मुंढा नेहमी खोल कापतो, हे माझे मत कायम आहे. पण धार त्यालाच लावता येते.

स्वयंपाकघरातील चित्र धाकटी बहीण लुसेत हिला. ते आमच्या फॅशन हाऊसचे मालक तेरिव साहेब यांनी १९५२ साली काढले. हिरवा पोशाख, कंबर मुठीएवढी, घेर जमिनीपर्यंत, कोपऱ्यात रेशमाचा तुकडा टाचलेला. चेहरा काढलेला नाही, पण पुढे आलेला डावा खांदा लुसेतचाच. ती तेव्हा आमच्याकडे मॉडेल होती. तिच्या त्या वयाचे दुसरे काही माझ्याजवळ नाही.

आमच्या धंद्यात हिरवा रंग अपशकुनी. शिवणाऱ्या बायकांनी सुया खाली ठेवल्या. लुसेत म्हणाली, "साहेब, हिरवं अंगाला लावण्यापेक्षा मी बादली घेऊन जिने पुसेन."

"पुस मग!" साहेबांनी चित्राचा कागद माझ्याकडे भिरकावला. "घे फिर्मँ, बहिणीला घाबरवायला."

पोशाख शिवलाच नाही. चित्र मी टांगले. त्याच वर्षी माझी पत्नी मार्सेल वारली. तिचा क्षय डॉक्टरांनी चित्र येण्याआधीच सांगितला होता. पण लुसेत दारातूनच म्हणाली, "दादा, ते भिंतीवर आहे तोवर मी आत पाय टाकणार नाही."

मीही हट्टी. "मग कॅफेत भेटू," म्हणालो. तेव्हापासून रविवारी कॅफेतच भेटत आलो. नाताळपासून मला जिना उतरवत नाही.

लुसेतने नाकारल्यास चित्र रेजिसला. तो विकेल. विकू दे.

साक्षीदार लागत नाहीत म्हणालात. मला मात्र त्यांच्याशिवाय झोप येणार नाही.

साक्षीदार: मादाम पेलिसिए, इमारतीच्या दरवान; मोस्य कोस्त, चौथा मजला.

पॅरिस, ९ मार्च १९७४
फिर्मँ लाकास

साहेब, यापुढचे मृत्युपत्रात धरू नये. याची नक्कल लुसेतला आजच पाठवा. चित्र नको असेल तर माझ्या मरणाची वाट कशाला पाहायची? रेजिस शनिवारी येतो, त्याच्या हाती देऊन टाकतो. मग ती वर येईल का, एवढे तिला विचारा आणि लवकर कळवा.