गाडीचं छत, मधनं कडेला

८ एप्रिल, बुधवार

पप्पांनी गाडी चालवणं का सोडलं? मला उत्तर देता येत नाही. त्यांना विचारलं की ते बोट वर करतात.

"हे बघ की. छताचं कापड लोंबतंय. आरशातनं मागचं काय दिसत न्हाई. असं चालवायचं व्हय?"

कापड लोंबतंय हे खरं. मागच्या सीटवर बसलं की डोक्याला लागतं, आणि आतला सडका स्पंज पिवळी भुकटी होऊन केसांत पडतो. पण नाताळपर्यंत पप्पा ह्याच कापडाला टाचण्या मारून गाडी चालवत होते. टाचण्याही कशा, एका ओळीत, सारख्या अंतरावर. लष्कराच्या डेपोत जन्मभर तंबू शिवलेला माणूस, टाचणीसुद्धा टाक्यासारखीच मारणार. मग मध्येच काय झालं? ईस्टरला आम्ही तिघं चर्चला दीपककाकांच्या रिक्षाने गेलो. गाडी दारातच उभी.

३ मेला घोडेगावला मामाच्या नव्या घराची प्रार्थना आहे. मम्मी काल भांडी घासता घासता म्हणाली, "भावाच्या दारात एकदा आपल्या गाडीतनं उतरायचं हुतं." हुतं म्हणाली. जणू विषय संपलाच.

ठरवलं. छत मी बदलणार. कारणच उरलं नाही की गाडी निघेल.

१० एप्रिल, शुक्र.

लॅबमधून सुटल्यावर माळीवाड्याला सीटकव्हरवाल्या अन्वरचाचांकडे गेले. म्हणाले, "गाडी तीन दिवस सोड." घरी सांगितलं तर पप्पा: "परक्याच्या हातात गाडी द्यायची न्हाई." मग घरीच.

चाचांनी निघताना बजावलं, "बेटा, कापडामागचा छताचा पुठ्ठा बाहेर काढूनच काम कर. वरच्या वर चिकटवशील तर पुन्हा माझ्याकडे येशील."

पप्पा जेवताना म्हणाले, "करुणे, तुझं बी.एस्सी. कशात झालं म्हनं?"
"केमिस्ट्री."
"मग गोंद तरी जमंल."

ह्या घरात बँकेचा फॉर्म, गॅसची तक्रार, मम्मीच्या आधारकार्डातली चूक, सगळं माझ्याकडे येतं, कारण पदवी असलेली मी एकटी. छतही येऊ दे.

१२ एप्रिल, रवि.

चाचांचं ऐकलं नाही. पुठ्ठा काढायची भीती वाटली. मोठ्या सिरिंजमध्ये लाकडाचा पांढरा गोंद भरला, टाचण्यांच्या भोकांतून आत सोडला, तळव्याने दाबत गेले. संध्याकाळी छत सपाट. मम्मी आत बसून बघून आली. मी उगाच दोनदा दार उघडून बघितलं.

१३ एप्रिल, सोम.

दु. १ ला जेवायला घरी आले, गाडीचं दार उघडलं तर आत भट्टी. कापड खाली, आणि आता त्यावर गोंदाचे डागही.

पप्पांनी बोट लावून बघितलं. "गोंद न्हाई हा. ताक हाय." आणि हसले. मोठ्याने. किती दिवसांनी. मला राग यायला हवा होता.

उद्या सुट्टी. पुठ्ठा काढायचाच.

१४ एप्रिल, मंगळ.

सकाळपासून गल्लीच्या टोकाला जयंतीचे ढोल. आम्ही तिघं गाडीत. ऊन अडवायच्या पट्ट्या काढल्या, दारांवरचे धरायचे दांडे काढले (त्यांचे स्क्रू छोट्या झाकणांखाली लपलेले, अर्धा तास त्यातच गेला), दिवा काढला, दारांची रबरं ओढली. मग पुठ्ठा सुटला आणि आमच्या तिघांच्या डोक्यांवर येऊन बसला. मम्मी ओरडली, "अगं बाई, घर पडलं!"

डिक्कीतून बाहेर काढताना पप्पा सारखे, "वाकवू नको, वाकवू नको. मोडला का गेला." मोडला नाही. अंगणात दोन खाटांवर ठेवला. छत नसलेली गाडी आतून पत्र्याच्या डब्यासारखी दिसते.

आज एक दिसलं. गाडीच्या डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, लांब ओरखडा. "हे कधी झालं?" पप्पा म्हणाले, "जुनंय ते." फाटकाच्या लोखंडी खांबावर तेवढ्याच उंचीवर गाडीचा रंग आहे. फाटक अरुंदच आहे आमचं.

१६ एप्रिल, गुरु.

दोन दिवस घासतेय. जुनं कापड एका ओढीत निघालं, स्पंज मात्र पुठ्ठ्याला धरून बसलाय. मम्मीचा कपडे घासायचा ब्रश, तोंडाला ओढणी. सगळं अंगण पिवळं. मम्मी: "हळदीचं लगीन हाय का कुनाचं?" पलीकडच्या काकू: "तुमच्या करुणाचं ठरलं की काय?" म्हटलं, हो, पुठ्ठ्याशी.

अजून चाळीसेक टक्के राहिलंय. भुकटी थोडी जरी राहिली तर चिकटवायचं सोल्युशन (ह्या वेळी गोंद नाही, चाचा वापरतात तेच) तिलाच चिकटेल, पुठ्ठ्याला नाही. घाई करायची नाही.

१८ एप्रिल, शनि.

पप्पांना घेऊन चाचांकडे. बसने. मम्मीला मरून रंग हवा होता, घेतला राखाडी. मागे पातळ फोम लावलेलंच कापड.

पप्पांनी डोळे मिटले, कापड दोन बोटांत धरलं, आडवं ओढलं, उभं ओढलं. "हे आडवं ताणतं. उभं न्हाई ताणत. लांबीला उभं लावायचं." चाचा बघतच राहिले. "साहेब, कुठे काम करत होता?" पप्पांनी सांगितलं. मग दोघं अर्धा तास ताडपत्री, दाभण आणि मेणाचा दोरा ह्यावर. मी पिशवी धरून उभी. पप्पांना असं बोलताना बघून बरं वाटलं.

दुकानाच्या पायऱ्या उतरताना डावीकडून सायकल आली. पप्पा थेट तिच्यापुढे. मी हात ओढला. सायकलवाला, "अवो बाबा, बघा की!" पप्पा म्हणाले, पोरं कशीबी चालवत्यात.

सायकलवाला पन्नाशीचा होता.

१९ एप्रिल, रवि.

चर्चहून आल्यावर कापड चिकटवलं.

सोल्युशन दोन्हीकडे लावायचं, पुठ्ठ्यालाही आणि कापडालाही. बोटाला ओढ लागेल पण चिकटणार नाही इतकं सुकू द्यायचं. मी कडेपासून सुरुवात करणार होते, पप्पांनी मनगट धरलं. "मधनं. तंबूबी आधी मधनंच उचलायचा. कडंनं चालू केलं का फुगा मधीच ऱ्हातो, मग त्यो कुठं जाईल?" मध्यावर तळवा ठेवला आणि हळूहळू बाहेर सरकवत नेला. मी उजवीकडून, ते डावीकडून, असं ठरलं होतं. ते मात्र फिरून फिरून उजवीकडेच यायचे. माझ्या बाजूची केसाएवढी सुरकुती त्यांच्या तळव्याला लागायची. "हितं हाय. उचल, परत लाव."

डाव्या कडेला बोटभर जाडीची सुरकुती होती.

"पप्पा, तिथे."
"कुठं?"
"तुमच्या समोर."

त्यांनी आख्खी मान फिरवली. फिरवल्यावर दिसली. घाईने पाऊल टाकलं तर डावीकडचा सोल्युशनचा डबा लवंडला. डबा तासभर तिथेच होता.

सुरकुती काढली. छत झालं. चांगलं झालं. मी घरात येऊन मोरीत हात धूत बसले, खूप वेळ. सोल्युशन पाण्याने निघत नाही हे केमिस्ट्रीवालीला माहीत असूनही.

२० एप्रिल, सोम.

फाटक. ओरखडा. सायकल. डबा. आणि मम्मी डावीकडून चहा घेऊन गेली की पप्पा दचकतात, "कवा आलीस?"

आज मी एक वाईट गोष्ट केली. पप्पा पेपर वाचत होते. मी त्यांच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, पाण्याचा पेला घेऊन उभी राहिले. काही न बोलता. पानं उलटली, चष्मा पुसला. त्यांना कळलंच नाही. मग मी हाक मारली.

स्वतःच्या वडिलांची परीक्षा घेतली. प्रयोग केल्यासारखी. लाज वाटते.

२२ एप्रिल, बुध.

कडा कापल्या, मागे दुमडल्या, दिव्याचं भोक पाडलं. पुठ्ठा डिक्कीतून आत. दांडे, पट्ट्या, रबरं. एक स्क्रू उरलाय, कुठला ते कळत नाही, आणि काही हलतही नाही.

अर्धी रजा टाकली होती, भर दुपारी काचा बंद ठेवून तपासलं. तीन तास. कुठेही सुटलं नाही.

मम्मी पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि वर बघत राहिली. "टाचनी न्हाई बाई कुठं." मग पप्पांना, "आता निघायचं ना वो तीन तारखेला?"

पप्पांनी खिडकीतून हात घालून छतावरून तळवा फिरवला. "निघू की. साडेसातला निघू." आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

त्यांच्याकडे एक कारण होतं. मी ते पंधरा दिवस राबून, घासून, चिकटवून संपवलं. आता ते नाही म्हणू शकत नाहीत. घोडेगावचा रस्ता, उसाच्या ट्रॉल्या, ट्रक, आणि पप्पांच्या डावीकडे मम्मी. ह्याच्यासाठी मी एवढं केलं?

२३ एप्रिल, गुरु.

बोलले. मम्मी महिला मंडळाला गेली होती. पप्पा गाडीत बसून नवं छत बघत होते, मी शेजारी जाऊन बसले. आधी चष्म्याचा नंबर, मग वय, मग सरकारी तपासणी शिबिर, असं सुरू करायचं ठरवलं होतं. पण ते कडेकडेने झालं असतं. मधूनच धरलं.

"पप्पा, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग, "धूर बसल्यावानी हाय. पावसाळ्यापासनं."
"सांगितलं का नाही?"
"सांगून काय? तू लगीच किल्ली काढून घेतली असती."
"नाताळपर्यंत चालवत होतात."
"तवा थोडं हुतं. मग फाटकाला लागली. त्या दिवशी मम्मी डावीकडंच उभी हुती, फाटक धरून." वर बघितलं. "टाचण्या सुटून छत लोंबलं तवा मला बरंच वाटलं."

मला रडू आलं, त्यांना नाही. त्यांनी हात धरला. "एवढं तीन तारखेचं हुऊ दे. सरळ रस्ता हाय. हळू नेतो. मग तू म्हनशील तिथं डोळे दाखवतो."

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. घाबरले. ह्या माणसाने मला सायकल शिकवली, कॉलेजच्या पहिल्या दिवशी तिथल्या फाटकापर्यंत सोडायला आला आणि आत यायला लाजला. त्याला नाही कसं म्हणायचं?

२५ एप्रिल, शनि.

सकाळी मम्मीला सांगितलं. ती गवार मोडत होती. हात थांबला नाही.

"मला ठाव हाय."
"कधीपासून?"
"म्हनून तर मी म्होरं बसायची. डावीकडं गाय हाय, डावीकडं सायकल हाय, सांगत. तुला वाटायचं मम्मी लई बडबड करती."

खरंच वाटायचं.

"मग आपल्या गाडीतनं जायचं कशाला म्हणालीस?"
"त्यानला बरं वाटावं म्हनून." मग गवारीकडे बघत, "आन मलाबी."

म्हणजे पप्पा तिच्यासाठी निघणार होते, ती पप्पांसाठी, आणि मी दोघांसाठी छत लावलं.

दुपारी पप्पांसमोर जाऊन उभी राहिले, त्यांच्या उजवीकडे. सांगितलं की घोडेगावला आपल्याच गाडीतून जायचं, मम्मी मामाच्या दारात गाडीतूनच उतरेल, पण चालवतील दीपककाका. आणि सोमवारी नेत्रालयात नऊ वाजता नंबर लावलाय, मी लॅबमधून रजा घेतलीय. पप्पा म्हणाले, "रिक्षावाला माझी गाडी चालवनार? भावकीत काय सांगायचं?" मी म्हटलं, जे आहे ते. त्यांनी पेपर वर धरला. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. जेवताना मीठ मम्मीकडून मागितलं, माझ्या हाताशी असून.

सोमवारी येतील का, माहीत नाही. ३ तारखेला मागच्या सीटवर बसतील का, तेही नाही. आत्ता गाडीत आहेत. मागच्या सीटवर, काचा खाली करून, तळवा छतावर. सुरकुती शोधतायत बहुतेक. सापडली तर मला हाक मारतील.

त्यांना वाटतंय किल्ली अजून खिळ्याला आहे. ती मी बोलायला जाण्याआधीच दीपककाकांकडे देऊन आले होते.