माझा सभ्य चेंडू

२ जून, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. पुढे मुलाखती द्याव्या लागतील तेव्हा आठवणी शोधत बसायला नको. अ‍ॅनिमेशनच्या कोर्सला प्रवेश घेतला. दादाची अट अशी, की कोर्सच्या शेवटी स्टुडिओवाले माणसं निवडायला येतात, त्यांनी मला घेतलं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने त्याच्या दुकानात बसायचं. दुकान कमोड आणि वॉश-बेसिनचं. हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं?

२ जून, संध्याकाळी
शिसारी आली. क्लास दातांच्या दवाखान्याच्या वर. खाली ड्रिल चालू, वर सर चालू. माझ्या वाट्याच्या डिजिटल पेनचं टोक आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी चावून ठेवलंय. की-बोर्डात बिस्किटांचा चुरा. सर स्वतःच तिथे उभं राहून खातात. आणि पहिला अभ्यास काय, तर चेंडू. वरून पडणारा आणि उसळणारा चेंडू. मी डोक्यात अख्खा सिनेमा घेऊन गेलो होतो.

५ जून
चेंडूच.

९ जून
चेंडू उरकून टाकला. सर म्हणाले, हा जमिनीला टेकायच्या आधी हळू का होतो? पडणारी वस्तू खाली येताना वेग घेते, रेंगाळते ती फक्त वर गेल्यावर. म्हटलं, माझा चेंडू सभ्य आहे, धाडकन आदळत नाही. सरांनी बिस्कीट खाल्लं.
शेजारची चष्मेवाली अजून त्याच चेंडूवर अडकली आहे. घरून रबरी चेंडू आणते, टेबलावर टाकते, बघते, काढलेलं खोडते, पुन्हा टाकते. वर टप टप, खाली ड्रिल. नक्कल करून कुणी कलावंत झालंय का?

१६ जून
बायकोला चष्मेवालीचा किस्सा सांगितला. हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, मग तूही एकदा टाकून बघ ना. मुलीचा चेंडू आणून स्वयंपाकघरात टाकलासुद्धा. मी दुसरीकडे बघितलं. निरीक्षणाने कल्पनाशक्ती मरते. चेंडू माळ्यावर टाकला. मुलगी रडली. कलेपायी घरच्यांना सोसावं लागतंच.
उद्यापासून पहाटे उठून सिनेमाचं काम.

१७ जून
उठलो नाही. माझी कल्पनाशक्ती झोपेतच जास्त चालते.

८ जुलै
वर्ग आता पिशवीवर आलाय. पीठ भरलेली पिशवी, तिला चालवायचं, दमवायचं, रुसवायचं. घोड्याएवढी माणसं पिशवी कुठे वाकेल यावर दिवसभर चर्चा करतात. वीट आला. मी मागे बसून माझ्या सिनेमातला ड्रॅगन काढतो. सर म्हणाले, चित्र छान आहे, पण उतरताना तुमच्या चेंडूसारखाच उतरतोय. चला, त्यांना माझी शैली ओळखू यायला लागली.

२० ऑगस्ट
ड्रॅगनचे खवले पूर्ण झाले. हालचाल तेवढी राहिली. हालचाल हा तपशील.

११ सप्टेंबर
उद्या स्टुडिओवाले येणार. दादाचा फोन आला, दुकानात माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवलीय, प्लास्टिक अजून काढलेलं नाही. किती हा अविश्वास. बायको म्हणाली, निदान आज तरी एक चेंडू नीट कर. ती पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. तिला म्हटलं, तू निर्धास्त राहा. माझ्याही छातीत धडधडतंय, पण ते उत्साहाने.

१२ सप्टेंबर, दुपारी
स्टुडिओकडून एक बाई आल्या. ड्रॅगन बघून म्हणाल्या, हा हलतो का? म्हटलं, हलणार आहे. मग त्यांनी सगळ्यांना एकच काम दिलं. जेवणाच्या सुट्टीच्या आत चेंडू उसळवून दाखवा. हातात तेच चावलेलं पेन, त्यावर माझा घाम. मी चेंडूला मिशा काढल्या, मुकुट घातला, मागे सूर्यास्त टाकला. बाईंनी बघितला. पुन्हा बघितला. मग विचारलं, हा पाण्यात पडतोय का?

१२ सप्टेंबर, संध्याकाळी
चष्मेवालीला घेतलं. तिच्या चेंडूला ना डोळे, ना मिशा. नुसता गोल. तरी सगळा वर्ग बघत राहिला. माझंही लक्ष गेलं, चुकून.
घरी सांगितलं, राजकारण झालं. बायकोने स्टुलावर चढून माळ्यावरचा चेंडू काढला आणि मुलीला दिला. फार अपमान वाटला.

१५ सप्टेंबर
दुकान. जिकडेतिकडे पांढरं चकचकीत, आणि गिऱ्हाइकं प्रत्येक कमोडवर बसून बघतात. किळस येते. खुर्चीचं प्लास्टिक मलाच काढायला लावलं.
दुपारी दादाने नवा माल दाखवला. कमोडचं झाकण, पण हातातून सोडलं तरी आदळत नाही. खाली येता येता हळू होतं, टेकायच्या आधी आणखी हळू, आणि आवाज न करता बसतं. मी ते वर केलं, सोडलं. पुन्हा वर केलं, सोडलं. अगदी माझा चेंडू. फ्रेम न् फ्रेम तोच. म्हणजे माझं टायमिंग मुळात बरोबरच होतं.
दादा म्हणाला, तुला हे जमतंय, आता गिऱ्हाइकांना तूच दाखवत जा.
संध्याकाळपर्यंत वर करत होतो, सोडत होतो. लोक थांबून बघतात. कौतुक मात्र झाकणाचं करतात.