कादंबरीतलं कुलूप

शहापूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. नरेंद्र यास,
शालनताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला तुला यायला जमलं नाही, पण तुझी कादंबरी आली होती. साईनाथ गुरुजींनी तिच्यातली पाच पानं माइकवर वाचली. मेलेली जनावरं ओढायचं सोडलं म्हणून गिरणीवाल्यानं आपल्या अकरा घरांचं दळण बंद केलं, तेव्हा तुझ्या पुस्तकात बुधाजीनं, म्हणजे आमच्या बाबांनी, गिरणीचं कुलूप फोडलं आणि त्याची बायको भिमी, म्हणजे आमची आई, दारात रडत उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चारचौघांत मला बोलता येत नाही, बाबांनाही येत नसे. तू मात्र त्यांच्या तोंडी तीन पानांचं भाषण घातलंस. जिवलीमावशीनं माझ्या कानात विचारलं की बुधाजी एवढा कधी बोलला गो, त्याला तर भाजीत मीठ नाय हे सांगायला दोन दिस लागायचे.

कुलूप कुणीच फोडलं नाही. आई रोज एकेका घराचं दळण डोक्यावर घेऊन वाशिंदच्या गिरणीत चालत जायची. सात महिने. हे तुला तिनंच सांगितलं होतं, आमच्या ओट्यावर. तू वहीत लिहून घेत होतास.

तुझी,
शालनताई

मुरबाड, १६ फेब्रुवारी

ती. शालनताईस,
सप्रेम जयभीम.

काकू गेल्याचं दुःख मलाही आहे. पण ताई, कादंबरी म्हणजे पंचनामा नव्हे. रोज चालत जाणाऱ्या बाईबद्दल वाचक किती पानं वाचेल? एखादा प्रसंग पेटावा लागतो. नावं खरी ठेवली ती आदरापोटी. दुसरी आवृत्ती निघते आहे. मुखपृष्ठासाठी काकूचा तरुणपणीचा फोटो पाठव. दीप्तीला आशीर्वाद.

तुझ्या मायेतला,
नरेंद्र

शहापूर, २५ फेब्रुवारी

चि. नरेंद्र यास,
जयभीम.

आदर राहू दे. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून तू नावं खरी ठेवलीस. विकताना सत्यघटना म्हणायचं आणि कुणी विचारलं की कल्पना. कल्पनाच करायची होती तर सात महिन्यांत आईच्या मानेचं काय झालं असेल, याची करायचीस. तुला कुलूप सुचलं. ते कुणालाही सुचतं.

फोटो पाठवणार नाही. दुसऱ्या आवृत्तीत आईबाबांची नावं बदल.

माझ्या दीप्तीनं तुझी तीच पानं शाळेत वाचून दाखवली होती. रविवारी मी तिला गावाहून वाशिंदच्या वाटेनं चालत नेलं, डोक्यावर दहा किलो तांदूळ देऊन. ओढ्यापाशी तिनं पिशवी उतरवली. मान चोळत विचारलं की आजी हे रोज करायची, तर मग मामाच्या पुस्तकात ती नुसती रडते कशाला. मी म्हटलं, मामालाच लिहून विचार.

तिचं पत्र सोबत जोडलं आहे. आमच्यावर लोभ असेल तर तिला उत्तर लिही. मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

शालन