शुक्रवारचा आवाज

गिरेसुन,
१२ जुलै, शनिवार, दुपार

प्रिय ग्युझिन,

तुझ्या डोळ्यांचे मुके. डॅनियलला सलाम, आणि देफ्नेला तिच्या मामीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही सुखरूप आहोत. तुझा भाऊ रिफ्की म्हणतो की त्याची कंबर अजून तुमच्या हायवेवरच राहिली आहे. एप्रिलातल्या गारठ्यानं बागेतले हेझलनट यंदा निम्मेच धरलेत, तरी सकाळ-संध्याकाळ तो झाडांखालचं गवत काढत असतो. तू दिलेला मेपलचा पाक त्याला इतका आवडला की चहात घालून पितो. मी काही बोलत नाही. हल्ली आमच्या घरात कुणीच कुणाला फारसं काही बोलत नाही.

काल तुझा फोन आला. आई डोंगरावरून कधी उतरणार, असं तू विचारलंस. वर अजून हवा छान आहे, असं मी सांगितलं. मग तू म्हणालीस, "असू दे वहिनी, नऊ ऑगस्टला मी येतेच आहे. देफ्नेला घेऊन मीच वर जाते आणि आईच्या हाताचा मुका घेऊन तो कपाळाला लावते."

फोन ठेवल्यावर मी जिन्याच्या पायरीवरच बसले. रिफ्कीचं म्हणणं, ती आली की सगळे जमून सांगू, मावशी असेल, शेजारच्या बायका असतील, तिला धरायला माणसं असतील. आपल्याकडे परदेशातल्या माणसाला असंच सांगतात. पण तू विमानातून उतरून, पोरीचा हात धरून, हसत घरात शिरशील आणि कोपऱ्यातला पलंग रिकामा बघशील, हे मला बघवणार नाही. म्हणून त्याला न विचारता लिहिते आहे.

ग्युझिन, आई नाही. फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, मंगळवारी, गेली. छातीत कफ झाला होता. चार दिवस दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी सकाळी संपलं. डोंगरावर आहे हे खरं आहे, बाबांच्या शेजारी. तिथे रेंज नाही हेही खरं आहे. पस्तीस वर्षं मास्तरीण होते, पण खोट्यात थोडं खरं मिसळलं की ते पचतं, हे मी पोरांना कधी शिकवलं नाही. स्वतः मात्र चांगलं शिकले.

आता तू कागद खाली ठेवशील आणि महिने मोजशील. मार्च, एप्रिल, मे. "दर शुक्रवारी मी कुणाशी बोलत होते?" असं तुझ्या मनात येईल. त्यावर येते. मला थोडा वळसा घेऊ दे. वळसे घेण्यात आम्ही नवरा-बायको किती पटाईत आहोत, ते तू पाहिलंच आहेस.

मे महिन्यात आम्ही अमेरिकेत आलो, तेव्हा न्यू हेवनहून ओहायोत तुझ्या घरापर्यंत एका दिवसाचा रस्ता होता. तुन्जायनं त्याची जुनी गाडी देताना कागदावर लिहूनही दिलं होतं. पुतण्याचं ऐकेल तो तुझा भाऊ कसला. एका दिवसाच्या रस्त्याला आम्ही एकोणीस दिवस लावले. तू फोनवर हसायचीस, "दादा, ओहायो पुढे पुढे सरकतंय की काय?" तेव्हा तोही हसायचा. मग फोन माझ्याकडे देऊन खिडकीबाहेर बघत बसायचा.

आम्ही इथून निघालो तेच मुळी तुला समोर बसवून सांगायला. हे जगाला ठाऊक होतं, फक्त तुला नव्हतं. तुन्जायच्या दारात पाय ठेवला तर त्याच्या बायकोनं मला मिठी मारली आणि म्हणाली, देव तुम्हाला सबुरी देवो. पॅटर्सनला रिफ्कीचा लष्करातला दोस्त शहाप, त्यानं तर आईच्या नावानं मयताचा हलवा करून ठेवला होता. आम्ही बसलो, खाल्ला, दुवा मागितली. शहापनं विचारलं, बहिणीला कळवलंत का? रिफ्की म्हणाला, पुढचा मुक्काम तिचाच. दुसऱ्या दिवशी चौकात आलो. ओहायोची पाटी उजवीकडे होती आणि यानं गाडी डावीकडे घातली.  म्हणाला, व्हर्जिनियात तुझी पेरिहान आहे ना, एवढं लांब आलोय तर भेटून जाऊ.

एकतीस वर्षं मिनीबस हाकलेला माणूस. तिथे रस्त्याकडेला कुणी उभं दिसलं की याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. दर दोन तासांनी थांबायचं, गाडीच्या मागे शेगडी मांडायची, चहाची किटली चढवायची. एकदा पोलीस आला. मला वाटलं, आता दंड होणार. रिफ्कीनं त्याच्या हातात चहाचा पेला ठेवला, तोही बिचारा उभ्या उभ्या पिऊन गेला. तुला हे सगळं जेवताना सांगून आम्ही हसवलं होतं. तो इतक्या वेळा का थांबत होता, ते सांगितलं नव्हतं.

पेरिहाननं मला स्वयंपाकघरात गाठलं. आम्ही एका बाकावर बसून शिकलेल्या, तिच्यापासून लपवणं अवघड. तिनं सरळ विचारलं, "नेझाहत, ती पोर दर शुक्रवारी आईला फोन करते म्हणालीस. मग फेब्रुवारीपासून तो उचलतं कोण?"

मी म्हटलं, भात लागेल, गॅस बारीक कर.

तो फोन मी उचलत होते, ग्युझिन.

आईला पुरून तीन दिवस झाले होते. घर बायकांनी भरलेलं, हनिफे मावशी चुलीपाशी बसलेली. दुपारी फोन वाजला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. मावशी म्हणाली, "पोरीला सांगू नका, तिकडे आपलं माणूस नाही तिच्याजवळ." रिफ्कीनं रिसीव्हर उचलला आणि हातात निखारा आल्यासारखा माझ्याकडे दिला. आई झोपली आहे, एवढंच मी सांगणार होते. पण तू म्हणालीस, "आई?" आणि माझ्या घशातून तिचा आवाज निघाला. "जेवलीस का? थंडी आहे का गं तिकडे?" अडतीस वर्षं तिच्यासोबत राहिले, त्या आवाजासाठी मला काहीच करावं लागलं नाही. ती तरी फोनवर त्यापेक्षा जास्त कुठे बोलायची. फोन ठेवला तेव्हा बायका माझ्याकडे बघत होत्या. मग एक जण म्हणाली, बरं केलंस, पोर आज तरी सुखानं झोपेल. मला त्या वेळी वाटलं, खरंच बरं केलं. हेही लिहून टाकते, म्हणजे नंतर मी साळसूद ठरायला नको.

आई उन्हाळ्यासाठी डोंगरावर गेली असं तुला सांगून आम्ही निघेपर्यंत, असे तेरा शुक्रवार. पहिल्यांदा उभ्यानंच बोलले होते. पाचव्या-सहाव्या खेपेला मी फोनशेजारी खुर्ची ओढून ठेवू लागले. तू आईला जे सांगायचीस ते मला कधी सांगितलं नव्हतंस. डॅनियलची नोकरी गेली होती ते, देफ्ने तुर्की बोलायला लाजते ते, तुझ्या छातीतली ती गाठ, आणि ती साधी निघाली ते. तू आईसमोर मोकळी होत होतीस आणि मी चोरासारखी दाराआड उभी राहून ऐकत होते. आणखी वाईट म्हणजे मला शुक्रवारची वाट बघायची सवय लागली.

आणि मग ईदनंतरचा शुक्रवार.

आईचं न ऐकता डॅनियलशी लग्न केल्यापासून सव्वीस वर्षं दर ईदेला तू आईला एकच विचारत आलीस. "आई, माझ्यावरचा तुझा हक्क माफ कर." आणि दर ईदेला आईला नेमकं तेवढंच ऐकू यायचं नाही. फोन खराब आहे म्हणायची, रिसीव्हर माझ्याकडे द्यायची. आम्ही घरात हसायचो त्यावर. तुला तिकडे काय होत असेल, याचा विचार मी खुर्चीत बसून तुझा आवाज ऐकेपर्यंत केला नव्हता.

त्या दिवशी तू विचारलंस. मलाही म्हणता आलं असतं की ऐकू येत नाही. पण मी म्हटलं, "माफ केलं, पोरी. सगळं माफ केलं."

 तू रडलीस. मी रिसीव्हर हातात धरून बसले. आवाज बंद झाला होता, माझाही आणि तिचाही.

तुझ्या घरी आलो तेव्हा मला माहीत नव्हतं की त्या एका वाक्यावर तू काय काय उभं केलं आहेस. पहिल्याच जेवणाला तू डॅनियलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, आईनं मला या वसंतात माफ केलं, म्हणून सव्वीस वर्षांनी घरी जाते आहे. तो बिचारा दोन महिन्यांपासून आरशासमोर उभा राहून "तुमचा हात द्या, आई" एवढं तुर्की पाठ करत होता. रिफ्कीनं माझ्याकडे पाहिलं. त्याला तोवर ठाऊक नव्हतं. त्या शुक्रवारी तो बागेत होता.

पाच दिवस राहिलो. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. तीन घरांत आम्ही सांत्वनं घेतली, हलवा खाल्ला. आणि जिची आई गेली तिच्या घरी बसून आम्ही विनोद सांगत होतो. चौथ्या दिवशी भांडी विसळताना मी बेसावधपणे म्हणाले, "ए पोरी, मिठावर झाकण घाल." तू गर्रकन वळलीस. क्षणभर माझ्याकडे बघत राहिलीस. मग हसून म्हणालीस, "वहिनी, अगदी आईसारखं बोललीस." मी ताट पुसत राहिले. ते ताट तेव्हाच कोरडं होतं.

निघताना तू तांब्या घेऊन दारात आलीस आणि गाडीमागे पाणी टाकलंस, सुखरूप जा, सुखरूप परत या म्हणून. शेजारीण बघत होती, तरी तू लाजली नाहीस. त्याआधी आईसाठी विणलेलं निळं जाकीट माझ्या मांडीवर ठेवून म्हणालीस, ही तुझ्याकडे अमानत, तिच्याच हातात दे. मी "हो" म्हटलं. गाडी कोपऱ्यावर वळली आणि तुझा भाऊ रडायला लागला. मिनीबसमध्ये कुणी भांडलं तरी आवाज न चढवणारा माणूस, मला म्हणाला, "लपवायचं ठरवलं ते मीच. पण तिला माफी द्यायला तुला कुणी सांगितलं होतं?" न्यू हेवनपर्यंत तो एका दिवसात आला. चहालासुद्धा थांबला नाही. 

आता शेवटचं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दवाखान्यात सोमवारी दुपारी आई शुद्धीवर होती. मी तिच्या चांगल्या कानापाशी वाकून विचारलं, "आई, ग्युझिनला माफ केलंत ना?" ती म्हणाली, "ऐकू येत नाही." मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. तिनं डोळे मिटले. बाकीचं सगळं तिनं ऐकलं गं. पाणी हवं का, उशी वर करू का, सगळं.

तुला दिलेली माफी खोटी होती, हे तुला कळायलाच हवं. आणि हेही, की दर शुक्रवारी दुपारपासून ती धुतलेला रुमाल डोक्याला बांधून फोनपाशी बसायची आणि तो वाजेपर्यंत घास घ्यायची नाही. त्याचा अर्थ काय, ते तूच लाव. मी तिच्या वतीनं पुरे बोलले.

जनाज्याच्या वेळी इमामानं जमलेल्यांना विचारलं, मृताला तुमचा हक्क माफ करता का? सगळे हो म्हणाले. तिलाही तुझ्याकडून माफी हवी होती, ग्युझिन, आणि तुला कुणी विचारलंच नाही. माझ्या खोटेपणात ही चोरी सगळ्यात मोठी. ती माफी द्यायची जागा अजून आहे, डोंगरावर. जाकीट मी पेटीत ठेवलं आहे. अंगाला लावून पाहिलेलं नाही.

तिकीट रद्द करायचं तर कर. यायचं असेल तर ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, रिफ्की स्टँडवर घ्यायला येईल. डॅनियलला एवढंच सांग की त्यानं पाठ केलेलं वाया जायला नको होतं, आणि त्याची मान खाली जाण्यासारखं त्यानं काही केलेलं नाही. ते मी केलं.

शुक्रवारी नेहमीच्या वेळी फोन वाजला तर मीच उचलेन. "आई?" म्हणू नकोस. मी "नेझाहत बोलतेय" म्हणेन आणि मग तू म्हणशील ते ऐकून घेईन. मला चांगलं ऐकू येतं.

पत्राच्या शेवटी पुन्हा तुझ्या डोळ्यांचे मुके लिहायची पद्धत आहे. आज तेवढी हिंमत नाही. माझ्यावरचा तुझा हक्क माफ कर, असंही लिहीत नाही. ते मागायचं तर तुझ्यासमोर उभं राहून, माझ्या स्वतःच्या आवाजात मागेन.

तुझी वहिनी,
नेझाहत